‘हाड बसतंय, दुखणारच’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की हाडांच्या दवाखान्यात लहान पोरांची रांग लागते. आंब्याचं झाड, गच्चीचा कठडा, नवी सायकल. गेल्या मे महिन्यात त्या रांगेत माझा सात वर्षांचा नातू होता. दुपारी दोनला पडलेलं पोर आम्ही मध्यरात्री तिथे नेलं, त्या मधल्या तासांबद्दल हे पत्र.

पेरूच्या झाडावरून तो हात टेकून पडला. कोपर लगेच फुगलं. पण बोटं हलत होती, म्हणून घरातल्या जाणत्यांनी ‘मुका मार आहे’ असा निकाल देऊन टाकला. हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज. कोपराजवळ हाड मोडलं तरी बोटं हलू शकतात. त्यावरून काहीच ठरत नाही. मग गावातल्या हाडवैद्याकडे नेलं. त्यांनी हात दोनदा ओढला, लेप लावला, चार कामट्या ठेवून वरून कापड करकचून आवळलं. फोटो काढायचा विषयच निघाला नाही.

संध्याकाळपासून पोर रडायचं थांबेना. ‘हाड बसतंय, दुखणारच,’ असं सगळे म्हणत होते. मीही म्हणाले, हे कबूल करते. अकराच्या सुमाराला पाणी पाजायला गेले तेव्हा दिव्यात त्याची बोटं दिसली. सुजून गुळगुळीत झालेली, नखं निळसर, हाताला गार. मधलं बोट मी जरासं सरळ केलं तर तो असा किंचाळला की शेजारच्या निवृत्त नर्सबाई उठून आल्या. त्यांनी बोटं पाहिली आणि म्हणाल्या, ‘कात्री आणा आधी.’ कापड कापलं, कामट्या काढल्या, हात हलू नये म्हणून उशीवर ठेवला आणि तसेच निघालो.

एक्स-रेत दंडाचं हाड कोपराच्या अगदी वर मोडून मागे सरकलेलं दिसलं. लहान मुलांत हे मोडणं नेहमीचं, आणि सर्वांत जपण्यासारखंही, कारण हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नस तिथूनच खाली जातात. आधीच सूज, त्यात वरून आवळलेलं कापड. स्नायूंचा रक्तपुरवठा असा काही तास तुटला तर ते मरतात आणि हात कायमचा आखडतो. डॉक्टरांनी भूल देऊन हाड जागेवर आणलं, दोन तारा घातल्या, तीन आठवड्यांनी काढल्या. नस दबल्यामुळे अंगठा आणि तर्जनीची गोल कडी काही त्याला जमेना. ती जमायला अडीच महिने लागले.

सगळी हाडं अशी मोडत नाहीत, हेही खरं. लहान मुलाचं हाड कधी ओल्या फांदीसारखं एका बाजूने चिरतं नि वाकतं, ते प्लास्टरवर भागतं. जखमेतून हाड बाहेर डोकावत असेल तर लेप वगैरे विसरून लगेच दवाखाना गाठायचा, जंतुसंसर्गाची भीती असते. म्हाताऱ्या माणसाची मांडी खुब्यात मोडली तर शक्यतो एक-दोन दिवसांत ऑपरेशन व्हावं लागतं. आणि मनगटातलं एक छोटं हाड तर पहिल्या एक्स-रेत दिसतच नाही कधी कधी. अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिलं तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. वरून चाचपून यातलं कोणतं ते कसं ओळखणार?

‘आपली परंपरा आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं. मी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाचे बारा प्रकार सांगितले आहेत, बांधायला वड, पिंपळ, उंबराच्या साली आणि बांबू सांगितला आहे. पण त्याच अध्यायात हेही स्पष्ट आहे की बंध सैल असला तर सांधा स्थिर होत नाही आणि घट्ट झाला तर सूज, वेदना नि त्वचेचा पाक होतो, म्हणजे ती पिकते. बंध थंडीत दर सात दिवसांनी आणि उन्हाळ्यात दर तीन दिवसांनी बदलायला सांगितलं आहे. आमच्या नातवाचा हात बांधला होता भर मे महिन्यात, आणि ‘एकवीस दिवस हात लावू नका’ या तंबीसह. परंपरेचं नाव घेणाऱ्यांनी निदान ती वाचावी तरी.

मात्र सगळं खापर हाडवैद्यावर फोडून मोकळं होता येणार नाही. प्लास्टरही आवळतं. म्हणूनच सूज असताना बहुतेक डॉक्टर आधी अर्धं, कच्चं प्लास्टर घालतात आणि सूज उतरली की पक्कं. पण घरी जाताना आमच्या हातात दिलेला कागद पूर्ण इंग्रजीत होता. तोंडी एवढंच सांगितलं, ‘सोमवारी दाखवा.’ रात्री काय बघायचं, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमच्या पुढच्या माणसाने प्लास्टरच्या आत खाजतं म्हणून विणायची सुई घातली होती. त्यालाही कुणी सांगितलं नसणार.

माझी मागणी साधी आहे. सरकारी असो की खासगी, प्लास्टर घातलेल्या प्रत्येकाला मोठ्या अक्षरांत मराठी चिठ्ठी द्यावी. हात-पाय उशीवर उंच ठेवा. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी होतं का बघा. बोटं गार, निळी किंवा बधिर झाली, सरळ करताना असह्य दुखलं, किंवा बांधल्यावर कळ कमी होण्याऐवजी वाढतच गेली, तर सकाळची वाट न पाहता या. खाली रात्री उचलला जाईल असा फोन नंबर. आरोग्य खात्याने मजकूर एकदा ठरवून दिला तर छपाईला कितीसा खर्च येणार? आपणही सुट्टी लागण्याआधी तो एका चौकटीत छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सांगली