करसवलत एकाला, भुर्दंड दुसऱ्याला

महोदय,

2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत 12 लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकालाही त्याचा लाभ झाला आणि तो मी नाकारत नाही. मात्र या सवलतीपायी सुमारे 1 लाख कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे अर्थमंत्र्यांनी तेव्हाच सांगितले होते. त्याआधी सप्टेंबर 2019 मध्ये अन्य सवलती न घेणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर 22 टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा महसूल घटण्याचा सरकारी अंदाज वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा होता. उपकर आणि अधिभार वगळता केंद्राच्या करांत राज्यांचा वाटा 41 टक्के असल्याने अशा सवलतीचा मोठा भाग राज्यांच्या तिजोरीतून जातो. आणि सरकारी दवाखाना, जिल्हा परिषदेची शाळा, गावात येणारी एसटी गाडी यांचा खर्च प्रामुख्याने राज्यालाच पेलावा लागतो.

आमच्या शेजारच्या वाडीतील एक विधवा बाई काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जातात. आयकराशी त्यांचा कधी संबंध आला नाही, त्यामुळे सवलतीशीही नाही. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांना आरोग्य केंद्रात मोफत मिळत असत. आता बहुतेक वेळा ‘गोळ्या आलेल्या नाहीत, बाहेरून घ्या’ असे सांगून हातात चिठ्ठी दिली जाते. औषधाचे दुकान बाजारपेठेत, आणि पहाटे सुटणारी वस्तीची गाडी बंद झालेली. चाळीस रुपयांच्या गोळ्यांसाठी रिक्षाला जाऊन-येऊन तीनशे रुपये मोजायचे आणि त्या दिवसाची मजुरीही बुडवायची, हे त्यांना परवडत नाही. गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो, तेव्हा कळले की त्या गोळी एक दिवसाआड घेतात. पाकीट दुप्पट दिवस पुरते, एवढाच त्यांचा हिशेब आहे.

लोकांच्या हाती पैसा राहिला की बाजार चालतो, हे म्हणणे मला मान्य आहे. सप्टेंबर 2025 मध्ये साबणासारख्या वस्तूंवरील जीएसटी कमी झाला, तो दिलासा या बाईंपर्यंत पोहोचला आणि तसाच तो पोहोचायला हवा. पण रोजच्या खरेदीतून त्या कर भरतच असतात. मोबाइलच्या रिचार्जवर त्यांना माझ्याइतकाच 18 टक्के जीएसटी पडतो.

कोकणात या काटकसरीचा घाव अधिक खोल जातो, कारण येथील गाव म्हणजे सड्यावर, खाडीकाठी, पऱ्यापलीकडे विखुरलेल्या दहा-वीस घरांच्या वाड्या, आणि कमावती पिढी मुंबईला. डोके मोजून सेवा द्यायच्या ठरवल्या, तर शाळेचा पट कमी भरणार, गाडीला भारमान, म्हणजे पुरेसे प्रवासी, मिळणार नाही आणि कात्री पहिल्यांदा आमच्याच वाडीवर चालणार. शाळा दूर गेली तर भर पावसात सहा वर्षांच्या मुलाला साकव ओलांडून कोण नेणार, याचे उत्तर पटसंख्येच्या तक्त्यात सापडत नाही.

म्हणून केंद्राने करसवलत जाहीर केल्यावर राज्याचा वाटा किती घटेल आणि कोणत्या सेवेची तरतूद कमी होईल, याचा हिशेब राज्य सरकारने विधिमंडळात मांडावा. आरोग्य केंद्रातील नित्याची औषधे आणि वाडीतून सुटणारी सकाळची पहिली गाडी यांना तरी भारमानाचा निकष लावू नये.

– एक निवृत्त शिक्षक, जि. रत्नागिरी