उपडी बादली आणि तलावाचा श्वास

संपादक महोदय,

तलावातून हवेत जाणारा मिथेन मोजायला महागडे यंत्रच हवे असे नाही. उपडी बादली, भोवती थर्माकोलचे कडे, बुडाला भोक पाडून रबरी बूच आणि सिरिंज, एवढ्यावर नमुने घेता येतात. पुढची तपासणी प्रयोगशाळेत. काठ २-३ सेंटिमीटर पाण्यात बुडावा. बादली टेकवताना बूच काढून ठेवावे, नाहीतर आतली हवा दबते आणि पहिलाच नमुना फसतो. मग बूच लावून २० मिनिटांपर्यंत दर ५ मिनिटांनी नमुना. नमुन्यांतल्या मिथेनची वाढ सरळ रेषेत हवी. मध्येच उडी दिसली तर गाळातून बुडबुडा आला समजावे. तो आकडा खोडू नये, वेगळा नोंदवावा. उथळ पाण्यात बराचसा मिथेन असाच निघतो. बादली दोरीने ताणून बांधली की काठाशी पाणी खळबळते आणि आकडा फुगतो. ती नावेसोबत वाहू द्यावी.

कार्बन डायऑक्साइड फक्त दुपारी मोजणे तर चूकच. शेवाळ तो दिवसा शोषते, रात्री सोडते. लोणारसारख्या अल्कधर्मी पाण्यात वाऱ्याच्या वेगावरून वायूची ये-जा काढायची नेहमीची सूत्रेही जशीच्या तशी चालत नाहीत, कारण तिथे हा वायू पाण्याशी रासायनिक क्रिया करत वेगाने आत शिरतो.

तलावांचे असे आकडे छापताना मोजणीची वेळ आणि पद्धतही छापावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक