ओढ्याच्या मंडळींना, तळमजल्यावरून

प्रिय काका, ताई आणि दर रविवारी फावडी-घमेली घेऊन ओढा साफ करायला येणाऱ्या मुलांनो,

यंदाच्या पावसाळ्यात आमची गव्हाची कोठी माळ्यावर चढली नाही. एवढं एकच वाक्य लिहिलं असतं तरी तुम्हाला सगळं कळलं असतं. पण मला नीट आभार मानायचे आहेत.

ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याला लागून तळमजल्यावर राहायचं म्हणजे जून लागला की पलंगाच्या पायांखाली विटा, फ्रिज स्टुलावर आणि कागदपत्रं पिशवीत बांधून देव्हाऱ्याच्याही वर. २६ जुलै २००५ ला सासऱ्यांना पाठीवर घेऊन वरच्या मजल्यावर न्यावं लागलं होतं. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसल्या पावसापुढे कोणाचं काय चालणार? पण पुढे दोन तासांच्या साध्या सरीतही पाणी उंबरा ओलांडू लागलं. आम्ही त्याला नशीब म्हणत होतो.

काका, तुम्ही मला ओढ्यावरच्या मोरीच्या तोंडाशी नेऊन दाखवलंत. डोंगरावरून पाणी धावत येतं, सपाटीला आलं की मंदावतं आणि बरोबरची माती तिथेच सोडतं. त्या मातीत पिशव्या, थर्माकोल, कोणाच्या तरी घराचं डेब्रिज रुतून बसतं. मोरी अर्धी बुजलेली, त्यात खाडीला भरती. मग पाण्याने जायचं कुठे? ते आमच्याकडे वळायचं.

एप्रिलमध्ये तुम्ही काम सुरू केलंत ते आमच्या दारापासून नाही, खालच्या वस्तीच्या मोरीपासून. तेव्हा मला रागच आला होता. आधी वर उपसलं तर सुटलेला गाळ खाली जाऊन अडकेल आणि तिथल्या लोकांच्या घरात पाणी शिरेल, हे तुम्ही न चिडता समजावलंत. उपसलेला गाळही काठावर रचून ठेवला नाहीत. तसा ठेवलेला गाळ पहिल्याच सरीत परत आत गेलेला आम्ही किती वर्षं पाहिला होता! मुलांनी साखळी करून घमेली रस्त्यापर्यंत पोचवली, आणि गाडी येईपर्यंत तुम्ही भर उन्हात तिथेच बसून राहिलात.

काठावरची उंबराची आणि करंजाची झाडं तोडून सरळ भिंत घाला, असं आमच्यातल्याच काहींचं म्हणणं होतं. मीही त्यांच्यातलीच. त्या मुळांनी काठ धरून ठेवलाय, हे जुलैत डोळ्यांनी पाहिलं. झाडं नव्हती तिथलीच माती ढासळली.

ताई, तुमची मी माफीही मागते. श्रावणात निर्माल्याची पिशवी मी तुमच्यासमोर ओढ्यात टाकली. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. पाण्यात उतरलात, पिशवी काढलीत, फुलं झाडाच्या बुंध्याशी ठेवलीत आणि रिकामी पिशवी धुऊन माझ्या हातात दिलीत. त्यानंतर आमच्या चाळीतलं निर्माल्य ओढ्यात गेलेलं नाही. मी स्वतः दारोदार जाऊन गोळा करते.

आणि ती रात्र. दोन वाजता वरच्या वळणावर राहणाऱ्या मुलाचा फोन आला, ‘काकू, पाणी वाढतंय, अर्ध्या तासात तुमच्याकडे येईल.’ आम्ही सगळे जागे होऊन बसलो. तुम्ही मोरीच्या भिंतीवर रंगवलेल्या पिवळ्या रेघेवर बॅटरीचा उजेड धरून माझा मुलगा उभा होता. पाणी रेघेला टेकलं, बराच वेळ तिथेच राहिलं आणि पहाटे उतरू लागलं. उंबरा कोरडा होता. मी त्यावर हात फिरवून पाहिला, आणि मग मला रडू आवरेना.

फावडी ठेवायला जागा मिळत नाही असं तुम्ही मागे म्हणाला होतात. आमच्या जिन्याखालची जागा रिकामी करून ठेवली आहे. या रविवारी सामान तिथेच आणा. एक घमेलं मला लागेल.

तुमची,
तळमजल्यावरची काकू