उतरणीच्या वेळी केबिन क्रूला वेळेत बसू द्या

महोदय,

१ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेले बोइंग ७३७ विमान उतरत असताना हवेच्या जोरदार हिसक्यांत सापडले. १४ प्रवासी आणि ३ केबिन क्रू जखमी झाले. अशा घटनांनंतर प्रवाशांच्या सीटबेल्टबद्दल पुष्कळ लिहिले जाते. क्रूचा बेल्ट नेमका कधी लागतो, हे मात्र कोणी विचारत नाही.

३५ हजार फुटांवरून धावपट्टीपर्यंत यायला साधारण २५ मिनिटे लागतात. तेवढ्यात कप-कचरा गोळा करायचा, ट्रॉल्या जागेवर ढकलून ब्रेक आणि लाल खिट्ट्या लावायच्या, टॉयलेट रिकामी आहेत का ते पाहायचे, प्रत्येकाचा बेल्ट, सीटची पाठ, ट्रे आणि पायाशी ठेवलेली बॅग तपासायची. स्वतः बसायची वेळ येते तेव्हा चाके टेकायला अनेकदा मोजकीच मिनिटे उरलेली असतात. मुंबई-गोव्यासारख्या छोट्या फेरीत तर विमान वर जाऊन स्थिरावते न स्थिरावते तोच उतरू लागते, आणि जून ते सप्टेंबर ही उतरण पावसाळी ढगांतूनच होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२१ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. २००९ ते २०१८ या काळात तिथल्या विमान कंपन्यांच्या एक तृतीयांशाहून अधिक अपघातांचा संबंध अशा हिसक्यांशी होता, आणि त्यांत गंभीर जखमी झालेल्यांपैकी पाचांत जवळजवळ चार जण केबिन क्रू होते. कारण उघड आहे: बाकीचे बसलेले असतात, हे उभे असतात. विमान एकदम खाली गेले की उभा माणूस छताला आपटतो आणि पुढच्याच क्षणी पायांवर कोसळतो. घोटे मोडतात, मणक्याला मार बसतो. ब्रेक न लावलेली भरलेली ट्रॉलीही उचलली जाते, आणि ती आवरणे एकट्याच्या ताकदीबाहेरचे असते.

नुसते आसनावर टेकूनही भागत नाही. आधी कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या खाली, नितंबाच्या हाडांवर घट्ट ओढायचा, मग खांद्यांचे दोन्ही पट्टे; कुठेही पीळ नको. तोंड विमानाच्या शेपटीकडे असेल तर डोके मागच्या उशीला दाबून ठेवायचे, पुढे असेल तर हनुवटी छातीला टेकवायची. तळवे वर करून हात मांड्यांखाली ठेवायचे. खांद्याचा पट्टा हाताने धरण्याची सवय फार आढळते. ती घातक आहे, कारण त्याने पट्टा सैल पडतो. आणि चाके टेकण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात मनाशी उजळणी: माझे दार कोणते, ते कसे उघडते, बाहेर आग दिसली तर प्रवाशांना कुठे वळवायचे. घाईघाईने बसलेल्या माणसाची ही उजळणीच राहून जाते.

पट्टे बांधूनही धोका संपत नाही. ६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोत उतरताना एशियाना या विमान कंपनीच्या बोइंग ७७७ ची शेपटी समुद्राकाठच्या भिंतीला आपटली. मागची गॅलीच (खाणेपिणे ठेवण्याची जागा) उद्ध्वस्त झाल्याने तिथे बसलेल्या चार क्रू बांधलेल्या अवस्थेत बाहेर फेकल्या गेल्या. विमानाच्या पुढच्या भागात प्रवाशांना बाहेर उतरवण्यासाठीच्या दोन फुगणाऱ्या घसरगुंड्या केबिनच्या आतच फुगल्या आणि त्यांखाली क्रूपैकी दोघी अडकल्या. प्रवाशांना बाहेर काढणारीच माणसे अशी अडकली, तर दारे उघडायची कोणी?

कोरियन एअरने जुलै २०२४ पासून लांब व मध्यम पल्ल्याच्या उड्डाणांत उतरण्याच्या ४० मिनिटे आधी सेवा बंद करायला सुरुवात केली. आपल्याकडेही हे व्हायला हवे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने देशांतर्गत उड्डाणांसाठी सेवा संपवण्याची वेळ ठरवून द्यावी: उतरण सुरू होण्याआधी ट्रॉली कुलूपबंद, आणि १० हजार फुटांखाली सगळा क्रू आसनावर. तासाभराच्या उड्डाणांत पावसाळ्यात गरम चहा-कॉफी दिलीच नाही तरी चालेल. सेवा किती जणांना पोहोचली यावरून क्रूचे गुण ठरवणे विमान कंपन्यांनी थांबवावे. विमान पूर्ण थांबण्याआधी कोणी बॅग काढायला उठला, तर क्रूने पट्टे सोडून धावत न जाता बसल्या जागेवरून माइकवर सांगावे. प्रवाशांनीही उतरण सुरू झाल्यावर पाण्यासाठी बेल दाबू नये.

- केबिन सुरक्षा प्रशिक्षणाशी संबंधित काही वाचक, मुंबई