ओढ्याकाठचं रान विकू नका

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, 'रानाचा सौदा ठरत आलाय, बाबांना अर्धांगावर पेशी टोचायला नेणार.' मला तेव्हा रडू आलं, धड बोलता आलं नाही. म्हणून लिहिते आहे.

बाबा, स्टेम सेल, म्हणजे या मूळ पेशींचा उपचार, हे थोतांड नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अर्धांगाच्या १८ रुग्णांच्या मेंदूत अशा पेशी सोडल्याचं छापून आलं. काहींचे हातपाय बरेच सुधारले. वाचून मीही हरखले होते. पण तिथं तुलनेला पेशी न दिलेला दुसरा गट नव्हता. पुढे मोठ्या चाचणीत तुलना झाली, तेव्हा अपेक्षित फायदा दिसला नाही. त्याच पेशींना जपाननं २०२४ मध्ये अटी घालून परवानगी दिली, तीही अपघातात मेंदूला मार लागलेल्यांसाठी. तुमच्यासारख्या झटक्यासाठी नाही.

आणि तुम्हाला त्या दवाखान्यात जे सांगितलं, कमरेच्या हाडातून मज्जा काढायची आणि त्यातल्या पेशी शिरेतून द्यायच्या, ते आपल्याच देशात तपासून झालंय. एम्सच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं पाच केंद्रांत १२० रुग्ण घेतले होते. त्यातल्या एका गटाला झटका ताजा असतानाच पेशी दिल्या, दुसऱ्याला नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच! अपाय नाही, पण गुणही नाही. तुम्हाला तर आता आठ महिने झाले.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, नियमांप्रमाणे अर्धांगावर हा उपचार फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच देता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. तुमच्याकडे साडेसहा लाख मागितलेत. आई, त्यांचा पुन्हा फोन आला तर एवढंच विचार, 'सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक द्या.' देशातल्या अशा चाचण्यांची नोंद तिथंच होते.

बाबा, गेल्या महिन्यात तुम्ही सदऱ्याची वरची दोन बटणं स्वतः लावलीत. ते त्या फिजिओथेरपीवाल्या ताईंमुळे, ज्यांना तुम्ही आता आठवड्यातून दोनदाच या म्हणालात. त्यांना रोज बोलवा. त्यांचे पैसे मी पाठवते. रोज कणकेचा गोळा उजव्या हातानं दाबायचा, कंटाळा आला तरी. खरी चाचणी कुठं सुरू झाली, तर मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन.

इसार घेतला असेल तर परत करा. शनिवारी रात्रीच्या गाडीनं येते आहे, रविवारी सौदेवाल्यांशी मी बोलते.

तुमची,
मनू