जादूपेक्षा शाळाच भारी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हॅरी पॉटरवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ही सगळी सिनेमा आणि मार्केटिंगची कमाल, पुस्तकात काही दम नाही, असं लेखक म्हणतात ते अजिबात पटलं नाही म्हणून लिहितेय. अहो, १९९७ ला पहिलं पुस्तक आलं तेव्हा इंग्लंडात हार्डकव्हरच्या फक्त ५०० कॉप्या छापलेल्या, त्याआधी बऱ्याच प्रकाशकांनी नको म्हणून परत केलेलं, आणि पहिला सिनेमा आला २००१ ला, तोपर्यंत पोरं चार भाग वाचून मोकळी झाली होती. त्यातला चौथा तर सहाशे पानांच्या वर आहे, नुसत्या जाहिरातीवर एवढं कोण वाचतंय?

माझ्या मते खरी मजा जादूत नाहीच, हॅरी जिथे जादू शिकतो त्या शाळेत आहे. जादू काय आपल्या गोष्टींतही भरपूर, पण तिथे देव प्रसन्न झाला, वर दिला की काम झालं. इथे जादूचा अभ्यास करावा लागतो! एक साधं पीस हवेत उचलायला अख्खा वर्ग कांडी फिरवून घामाघूम होतो आणि जमतं फक्त हॅरीच्या वर्गातल्या हर्मायनीला, कारण ती एकटीच नीट वाचून आलेली असते. वर्षाच्या शेवटी परीक्षा, प्रॅक्टिकलसकट, त्यात अननसाला टेबलावर नाचवून दाखवायचं. आणि इतिहासाचा तास तिथेही बोअरच, शिकवणारे बिन्स सर झोपेत वारले तरी दुसऱ्या दिवशी शरीर स्टाफरूममध्येच ठेवून भूत होऊन वर्गावर हजर, हे वाचून जो पोरगा हसत नाही तो शाळेतच गेला नसेल. स्नेपसारखा खडूस मास्तर तर प्रत्येकाला भेटलेला असतो. वर्गातल्या नेव्हिलची चूक होते आणि पॉइंट कापतो हॅरीचा, का, तर तू त्याला सांगितलं का नाहीस म्हणून. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला राक्षसापेक्षा हा अन्याय जास्त झोंबतो बघा.

आणि ते पत्र. जिन्याखालच्या कपाटात झोपणारा पोरगा हॅरी, मावशीच्या घरी त्याला कुणी विचारत नाही, आणि एक दिवस त्या शाळेकडून त्याच्या नावाचं पत्र येतं, पत्त्यात चक्क ‘जिन्याखालचं कपाट’ लिहिलेलं. म्हणजे आपण कुठे झोपतो हे बाहेर कुणाला तरी ठाऊक आहे! माझा भाचा तेवढं प्रकरण परत परत वाचतो, पुढच्या मारामाऱ्या मात्र भराभर उलटतो.

बोर्डिंग शाळेच्या गोष्टी इंग्रजीत दीडशे वर्षांपासून आहेत, जादूची शाळाही हॅरीच्या लेखिका रोलिंगबाईंच्या आधी दुसऱ्यांनी लिहिलीय, तेव्हा कल्पना अगदी नवी होती असं माझं म्हणणं नाही. सगळंच जमलंय असंही नाही. झाडूवर बसून खेळायच्या त्या क्विडिच खेळाचं गणित मला आजही कळत नाही, एका खेळाडूने स्निच नावाचा छोटा उडता चेंडू पकडला की एकदम १५० पॉइंट, मग बाकीच्या सहा जणांनी झाडूवर बसून करायचं काय? पाचव्या भागापासून तर पुस्तकं जरा लांबतातच.

पण लेखकांनी निदान पहिला भाग वाचावा, मराठीतही आहे. आणि मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या पुरवणीत मुलांनाच लिहू द्या की, कोणतं पुस्तक का आवडलं ते. लेख मोठ्यांचे नकोत, माझाही नको.

आपली,
एक मावशी, सातारा