दृढीकरण झालं की पोरं जातात कुठं?

माननीय संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका काकांचं पत्र आलं होतं, की चर्चमधली तरुण पोरं आता नाताळ आणि ईस्टर सोडून दिसतच नाहीत आणि सगळा दोष मोबाईलचा. मी नगर जिल्ह्यातल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अकरा वर्षं यूथ लीडर आहे, शनिवारी संध्याकाळी तरुण पोरांची मीटिंग घेतो, नोकरी एमआयडीसीत, पगार कंपनी देते चर्च नाही, म्हणून जरा मोकळंच लिहितो. मोबाईल आमच्या वडीलधाऱ्यांच्या हातातही असतो, उपदेश चालू असताना मागच्या बाकावर कोण व्हॉट्सॲप बघतंय ते पुढून सगळं दिसतं हो.

माझ्या मते घोळ वेगळा आहे. पोरगं तेरा-चौदाचं झालं की प्रश्न विचारायला लागतं आणि आपण लगेच उत्तर देऊन मोकळे होतो. दृढीकरण म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या पोराने मोठं झाल्यावर चर्चमध्ये आपला विश्वास स्वतः कबूल करायचा विधी. त्याच्या क्लासला दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार सगळं तोंडपाठ, पाळकसाहेबांनी मध्येच थांबवलं तरी पुढचं वाक्य तयार. मग पांढरा शर्ट, फोटो, घरी बिर्याणी, आणि दोन-तीन रविवारांनी बाकावर त्याची जागा रिकामी.

मी स्वतः हेच केलंय, म्हणून सांगतो. आमच्यातल्या एका पोराचे आजोबा आयसीयूत होते. मंडळीने रात्रभर साखळी प्रार्थना ठेवली, म्हणजे एकेकाने एकेक तास प्रार्थना करायची, या पठ्ठ्याने दोन ते तीनचा तास स्वतःहून मागून घेतला, दहावीचं वर्ष असून. आजोबा गेले. मातीहून परत आल्यावर नळावर हातपाय धुताना त्याने मला विचारलं, दादा, मग माझा तास कुठं गेला? मी म्हणलं, देवाची योजना आपल्याला कळत नसते रे. तो बरं म्हणाला. नंतर चार महिने फिरकला नाही.

एक दिवस पंक्चरच्या दुकानात भेटला, सायकलची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून बुडबुडे बघत होता. मी म्हणलं, त्या दिवशी मी तुला जे बोललो ते माझं मलाच कळलेलं नव्हतं, घाईत तोंडातून निघून गेलं, सॉरी. तो काहीच बोलला नाही, बुडबुडा सापडला तिथं खडूने खूण केली आणि खाली बघतच म्हणाला, शनिवारी किती वाजता असतं आता?

त्या शनिवारी आम्ही बायबलातलं दावीद राजाचं तेरावं स्तोत्र काढलं. पहिल्या दोनच वचनांत दावीद देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? तू मला कुठवर विसरणार? पोरं बघतच राहिली, असं बायबलात चालतं? चालतं की. संडे स्कूलमध्ये आपण त्यांना धिप्पाड गल्याथाला गोफणीच्या दगडाने पाडणारा दावीद शिकवतो आणि हा रडणारा दावीद ठेवून देतो, नेमका तोच सोळाव्या वर्षी लागतो.

प्रश्न सगळे असे मरणाचेच असतात असं नाही. जूनमध्ये अॅडमिशनचे फॉर्म भरायची वेळ आली की हमखास एक येतो. आजोबा-पणजोबा गावकुसाबाहेरचे, एकाच वाड्यातले, आतेभावाच्या घरचे बौद्ध झाले आणि आपल्या घरचे ख्रिस्ती. 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी जवळजवळ फक्त हिंदूंना होता, 1956 ला शीख आणि 1990 ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून नाहीत. म्हणजे आतेभावाला ती स्कॉलरशिप आणि याला नाही, आणि गावात दोघांना ओळखतात एकाच नावाने. पोरगं विचारतं, दादा, येशूला मानण्याची ही फी आहे का? आता याला कुठलं वचन काढून देणार? मी कायदा समजावून सांगितला, कोर्टात वाद चालू आहे हेही सांगितलं आणि पुढं गप्प बसलो. तोही बसला. पण पुढच्या शनिवारी आला, आणि माझ्या लेखी ते खूप आहे.

वडीलमंडळी म्हणतात असे प्रश्न चर्चमध्ये नकोत, विश्वास ढळतो. अहो, ज्यांची भजनं आपण पेटी-तबल्यावर गातो त्या कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनाच ख्रिस्ती व्हायला किती वेळ लागला बघा. 1893 ला रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार हातात दिला, बाप्तिस्मा झाला 1895 च्या फेब्रुवारीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर त्याच्याही पुढं 1900 साल उजाडलं. आणि आपण पंधरा वर्षांच्या पोराने एका पावसाळ्यात पक्कं व्हावं म्हणतो. येशूचा शिष्य थोमा, त्याचंही तेच. येशू मेलेल्यांतून उठला हे त्याच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणाला, तरी आठ दिवसांनी तो बाकीच्या दहा जणांबरोबर त्याच घरात होता. त्याला कुणी हाकललं नव्हतं, म्हणून तर भेट झाली.

एक गोष्ट मात्र कडक पाहिजे. पोरांशी मोकळं वागायचं म्हणजे नियम सोडायचे असं नाही. आमच्याकडे खोलीचं दार उघडं असतं, दोन मोठी माणसं असल्याशिवाय मीटिंग होत नाही, मेसेज ग्रुपवर, रात्री एकट्या पोराशी चॅटिंग बंद, कुठं न्यायचं तर आईबापाला आधी फोन. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 चा आहे, तो मुलांनाही लागू आहे, फक्त मुलींना नाही, आणि काही कळलं तर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, मंडळीची अब्रू वगैरे मध्ये आणायची नाही. हे बोललं की काही लोकांना राग येतो. येऊ दे.

साउंड सिस्टीमला आमच्याकडे वर्गणी पटकन जमते, त्याबद्दल तक्रार नाही, आवाज छान येतो. अडतं ते दुसऱ्या माणसावर. तो दुसरा मोठा माणूस मिळत नाही म्हणून गेल्या वर्षी कितीतरी शनिवार मीटिंग रद्द करावी लागली, पोरं गेटवर येऊन परत गेली. पत्र लिहिणाऱ्या काकांना म्हणून विनंती आहे, ते कुठल्या मंडळीचे मला माहीत नाही पण जिथले असतील तिथं शनिवारी संध्याकाळी सहाला जाऊन बसा. उपदेश तयार करून नेऊ नका. चहा पोरं आणतात टपरीवरून, पैसे तेवढे तुम्ही द्या.

आपला,
एक यूथ लीडर, नगर जिल्हा